दाढेचा विचार चालू आहे

तुकडा तीन मिलिमीटर लांब आणि दोन मिलिमीटर रुंद होता. त्याची एक कड पिवळसर होती, दुसरी काचेसारखी स्वच्छ. बशीत पडला तेव्हा मला तो बिस्किटातला खडा वाटला आणि बिस्किटवाल्यांना खरमरीत पत्र लिहावं असं मनात आलं. मग जीभ सवयीने खालच्या डाव्या दाढेवरून फिरली आणि एका ठिकाणी अडखळली. कालपर्यंत तिथे दाढेचा कोपरा होता. आज दरड कोसळल्यावर डोंगर दिसतो तसं काहीतरी होतं.

बिस्किट चहात बुडवलेलं होतं. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढचे चौदा महिने भेटेल त्याने मला एकच विचारलं, काय चावत होतीस? अक्रोड, बर्फ, निदान पेनाचं टोपण, असं एखादं भारदस्त उत्तर देता आलं असतं तर दुःख हलकं झालं असतं. भिजलेल्या बिस्किटाने दाढ तुटली हे सांगताना समोरच्याच्या नजरेतून आपण उतरतोय हे स्पष्ट दिसतं.

कोणीही शहाणं माणूस दुसऱ्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडे गेलं असतं. मी एक वही सुरू केली. माझं काम पाणी तपासण्याचं. शहराच्या पाण्याचे नमुने आमच्या प्रयोगशाळेत येतात आणि एका नमुन्यावरून मत देऊ नये, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं असतं. तेव्हा मी रकाने आखले. तारीख, वेळ, गरम, थंड, गोड आणि दुखण्याची तीव्रता, शून्य ते पाच. थंड पाण्याने येणारी कळ सरासरी अकरा सेकंद टिकत असे. गोडाने सहा. पाच हा आकडा मी केवळ तत्त्वापुरता ठेवला होता.

नवऱ्याने पहिले दोन महिने हे सगळं कौतुकाने पाहिलं. तो घराचे पडदे आठ मिनिटांत पसंत करणारा माणूस आहे. ते पडदे अजून खिडकीला आहेत आणि त्यांच्याविषयी मी काही बोलत नाही. तिसऱ्या महिन्यात त्याने विचारलं, ही दाढ आहे की प्रबंध? काढायची की ठेवायची, एकदा ठरव ना. मी म्हटलं, विचार करून सांगते.

तुटलेला तुकडा मी टाकून दिला नव्हता. पुढेमागे डॉक्टरला दाखवता येईल म्हणून नमुन्याच्या छोट्या बाटलीत ठेवला होता आणि हाताला वळण पडलेलं असल्याने बाटलीवर तारीख घालून चिठ्ठी चिकटवली होती. ती बाटली कार्यालयातल्या माझ्या टेबलावर होती. एक दिवस मी रजेवर गेले. आमचे ज्येष्ठ सहायक हे टेबलावर काही पडून राहिलेलं पाहू न शकणारे गृहस्थ आहेत. त्यांनी नोंदवहीत पाहिलं, बाटलीला क्रमांक नाही. त्यांनी तो दिला. मग रीतसर तुकडा आम्लात विरघळवला आणि तपासणी पूर्ण केली. दुसऱ्या दिवशी सहीसाठी आलेल्या गठ्ठ्यात तो अहवाल होता. गठ्ठ्यावर मी सह्या केल्या. मग सही केलेले कागद पुन्हा चाळताना माझ्या लक्षात आलं की आपण नुकतंच आपल्या स्वतःच्या दाढेविषयी 'कॅल्शियमचे प्रमाण मर्यादेबाहेर, पिण्यास अयोग्य' असं अधिकृत मत दिलेलं आहे.

सहायकांना फार वाईट वाटलं. ते दिवसभर माझ्याशी हळू आवाजात बोलत होते, जणू माझ्या घरचं कोणी गेलं होतं. संध्याकाळी प्रायश्चित्त म्हणून त्यांनी सांगितलं की त्यांच्या बायकोची दाढ सगळ्यांनी काढायला सांगितली होती, पण सरकारी दंत रुग्णालयात 'मोठ्या बाई' म्हणून एक डॉक्टर आहेत, त्यांनी ती वाचवली. मॅडम, तिथे जा, ते म्हणाले. मी त्यांनाही विचार करून सांगते म्हटलं.

एव्हाना दाढेची बातमी जिन्याने वर गेली होती. वरच्या मजल्यावरच्या काकांना पूर्ण कवळी आहे, वरची आणि खालचीही. ते स्वतः खाली आले, खुर्चीत बसले आणि मी नको नको म्हणत असताना त्यांनी खालची कवळी काढून माझ्या हातावर ठेवली. वजन बघा, म्हणाले. म्हणजे तसं काहीतरी म्हणाले असावेत, कारण कवळी माझ्या हातात होती. त्यांचं म्हणणं असं की दात हा शरीराचा आगाऊ भाग आहे. आधी येताना छळतो, मग असताना छळतो, शेवटी जाताना छळतो. सगळे एकदम काढून मोकळं व्हावं. काकू मागोमाग आल्या त्या लवंगेच्या तेलाची बाटली घेऊन. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"यांचं ऐकू नकोस गं. सफरचंदाकडे कसे बघतात ते मी रोज बघते."

तेल मी कापसाच्या बोळ्यावर मोजून चार थेंब घेतलं. बोळा दाढेवर बसण्याऐवजी ओठाच्या आतल्या बाजूला बसला. पुढचे दोन दिवस माझा खालचा ओठ कोणाचा तरी उसना आणल्यासारखा होता आणि कार्यालयात मी रागावले आहे असा सर्वांचा समज झाला. त्या दोन दिवसांत कामं मात्र वेळेवर झाली.

मग नवऱ्याने परस्पर एका खाजगी दवाखान्यात वेळ घेतली. तिथे माशांची टाकी होती, गुबगुबीत सोफा होता आणि कोणाच्याही दातात कधीही काहीही झालेलं नाही असं हसणाऱ्या बायकांचे फोटो होते. डॉक्टर तरुण आणि फार नम्र होते. त्यांनी माझ्या तोंडात पेनाएवढा कॅमेरा घातला आणि भिंतीवरच्या पडद्यावर माझी दाढ फ्रीजएवढी दिसू लागली. नवरा उठून उभा राहिला. वीस वर्षांच्या संसारात त्याने माझ्याकडे इतक्या आदराने कधी पाहिलं नव्हतं. डॉक्टरांनी तुटलेली दाढ दाखवली, मग तिची शेजारीण दाखवली, मग समोरची, आणि ओघाओघात माझ्या तोंडातले सात दात उपचाराच्या यादीत जाऊन बसले. शिवाय पुढच्या दोन दातांतली फट मिटवली तर हसू उठून दिसेल असं ते म्हणाले. मी फारशी हसत नाही, हे मी सांगितलं. त्यावर ते म्हणाले, फट मिटल्यावर हसाल.

त्यांची यादी खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण मी एका दाढेचं ठरवू शकत नव्हते, सातांचं काय ठरवणार? विचार करून सांगते म्हणून आम्ही निघालो. त्यानंतर तिथल्या मुलीचा दर सोमवारी फोन येऊ लागला. दाढ कशी आहे, थंड लागतं का, जेवण जातं का. माझ्या सख्ख्या बहिणीने इतक्या मायेने कधी चौकशी केली नाही. सहा महिन्यांनी फोन बंद झाला तेव्हा मला चक्क चुकल्या चुकल्यासारखं वाटलं.

नवव्या महिन्यात एक आनंदाची गोष्ट घडली. थंडाने येणारी कळ थांबली. अकरा सेकंदांवरून एकदम शून्य. मी सलग तीन आठवडे बर्फाच्या पाण्याने खात्री करून घेतली, आलेख काढला आणि तो नवऱ्यासमोर ठेवला. दाढ स्वतःहून बरी होत होती. घाई केली नाही त्याचं हे फळ, असं मी म्हटलं. तो आलेखाकडे बघत राहिला आणि म्हणाला, विज्ञानापुढे मी काय बोलणार.

चौदाव्या महिन्यात, एका मंगळवारी सकाळी पोळीचा मऊ घास चावताना मी पाच हा आकडा वापरला. वहीत लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं. नवऱ्याने दोन्ही कार्यालयांत फोन करून सुट्टी सांगितली, आधी स्वतःची, मग माझी, आणि आम्ही सरकारी दंत रुग्णालयात गेलो.

तिथली रांग लांब होती, पण रांग होती. याचं मला बरं वाटलं. एक नंबरच्या खिडकीवर कारकुनाने एक छापील फॉर्म दिला. त्यावर उघड्या तोंडाचं चित्र होतं, वर-खाली दातांच्या दोन कमानी, आणि दुखणाऱ्या दातावर खूण करायची होती. चित्र पाहिलं आणि माझी वेदना क्षणभर थांबली. कारण कागदाच्या उजव्या अंगाला 'डावी बाजू' असं छापलेलं होतं आणि डाव्या अंगाला 'उजवी बाजू'.

छपाईतली इतकी ढोबळ चूक सरकारी कागदावर वर्षानुवर्षं चालू असावी आणि कोणाच्या लक्षात येऊ नये, याची मला लाज वाटली. चूक दिसली की आम्ही ती खोडरबराने पुसत नाही, गिरवत नाही. एकच सरळ रेघ मारायची, शेजारी बरोबर शब्द लिहायचा, खाली सही आणि तारीख. मी पट्टी काढून तसं केलं. मग कागदाच्या डाव्या बाजूच्या दाढेवर खूण केली आणि फॉर्म कारकुनाला देताना नम्रपणे सांगितलं की हे छपाईत उलटं झालं आहे, वर कळवून टाका.

कारकुनाने फॉर्म डोळ्यांजवळ नेला. सही पाहिली, तारीख पाहिली, पट्टीने मारलेली रेघ पाहिली. त्या खिडकीवर आजवर इतक्या पद्धतशीरपणे कोणी चूक दाखवली नसावी. त्याने मान हलवली, माझी पट्टी मागितली, आणि समोरचा कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा ओढून घेतला.

एक्स-रेच्या खोलीतला माणूस घाईत होता. त्याने फॉर्मवरची खूण पाहिली, छोटी फिल्म माझ्या तोंडात कोंबली आणि ती बोटाने धरायला लावली. ती तो उजव्या बाजूला कोंबतो आहे हे मला जाणवलं, पण तोंडात फिल्म आणि बोट दोन्ही असताना माणूस आक्षेप नोंदवू शकत नाही. बाहेर आल्यावर बोलेन म्हटलं, तर तोवर त्याने पुढच्याला आत घेतलं होतं. पंधरा मिनिटांनी फिल्म घेऊन आम्ही तपासणीच्या खोलीपाशी गेलो तर दारातल्या शिकाऊ डॉक्टरने ती उजेडाकडे धरली आणि दाढ अगदी ठणठणीत आहे असं सांगितलं. नवऱ्याचा चेहरा उजळला. मला त्याच क्षणी परत पाच आला.

तेवढ्यात व्हरांड्यात आवाज वाढले. माझ्यामागच्या एका आजोबांची फिल्म अशा जागेची निघाली होती जिथे त्यांना दातच नव्हता. त्यांच्यामागच्या शिक्षिकेचीही भलत्या बाजूची. मग पांढऱ्या कोटातल्या, ठेंगण्या, पन्नाशी उलटलेल्या एक बाई बाहेर आल्या. चष्मा कपाळावर, हातात तीन फॉर्म. त्याच मोठ्या बाई. त्यांनी शांतपणे विचारलं की ही दुरुस्ती कोणाच्या सांगण्यावरून झाली आहे. कारकुनाने खिडकीतून माझ्याकडे बोट दाखवलं. नंतर त्याने अभिमानाने सांगितलं की गठ्ठ्यातले चाळीस झाले आहेत, साठ राहिलेत.

मोठ्या बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी मला डावा हात वर करायला सांगितला. मी केला.

"माझ्या कोणत्या बाजूला आला?"

त्यांच्या उजव्या बाजूला आला होता. चित्र डॉक्टरच्या डोळ्यांनी काढलेलं होतं. समोरच्याचं तोंड जसं दिसतं तसं. भूमिती मी शाळेत पहिल्या नंबराने शिकले होते, आणि त्या व्हरांड्यात, रांगेतल्या पंचवीस-तीस माणसांपुढे, हात वर करून उभी होते. जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. जमीन फरशीची होती.

मी त्या आजोबांची आणि शिक्षिकेची माफी मागितली. एका जादा एक्स-रेतल्या किरणांचं प्रमाण किती अल्प असतं हेही आकड्यांत सांगितलं, कारण ते मला आधी स्वतःला सांगायचं होतं. आजोबा म्हणाले, त्या बाजूचे दात खरंच गेलेत का अशी मला शंका होतीच, ती फिटली. मोठ्या बाई हसल्या नाहीत की रागावल्याही नाहीत. चाळीस फॉर्म आणि पट्टी माझ्या हातात देऊन त्यांनी मला त्यांच्या खोलीतल्या कोपऱ्यातल्या बाकावर बसवलं. पुन्हा सरळ करून द्या म्हणाल्या, तुमची रेघ छान येते.

अशा रीतीने सुमारे दोन तास मी त्या खोलीत बसून स्वतःच्या चुकीवर रेघा मारत होते आणि मधून मधून मान वर करून पाहत होते.

खुर्चीवरच्या दिव्याची दांडी मोडलेली होती, ती बँडेजच्या पट्टीने बांधली होती. पाण्याची नळी मध्येच बंद पडली तेव्हा मोठ्या बाईंनी पिचकारी भरून घेतली आणि काम तसंच पुढे नेलं, वाक्यसुद्धा तोडलं नाही. दोन तासांत दहा माणसं आली. प्रत्येकाला हात लावण्याआधी त्या एका वाक्यात सांगत की आता मी काय करणार आहे, आणि मग तेवढंच करत. आरसा तोंडात घालण्याआधी कोमट पाण्यात बुडवत. एक धिप्पाड ट्रकचालक खुर्चीचे हात धरून थरथरत होता, तेव्हा त्यांनी त्याला अरुंद गल्लीत गाडी मागे कशी घेतात ते समजावून सांगायला लावलं. सुई टोचेपर्यंत तो सांगत होता. मग दहा मिनिटांनी त्यांनी दात काढला तेव्हा त्याचा उजवा हात आपोआप गिअर टाकत होता. दात बाहेर आल्यावर त्याने विचारलं, कधी काढणार?

शिक्षिकेची पाळी आली. तिला दाढ आजच काढून हवी होती, रोजचा त्रास नको होता. मोठ्या बाईंनी नव्याने काढलेली फिल्म पाहिली आणि साफ नाही म्हटलं. भरून निघेल एवढंच छिद्र आहे, म्हणाल्या. चांगली दाढ काढायची कशी, हे मला कोणी शिकवलेलं नाही. शिक्षिकेने दोनदा वाद घातला. मग अर्ध्या तासात दाढ भरून घेतली आणि जाताना आरशात तीनदा पाहिली.

माझ्या कामात मी अचूक आहे असं लोक म्हणतात आणि मलाही ते आवडतं. पण माझ्यासमोरचा नमुना बाटलीत असतो. तो थरथरत नाही, वाद घालत नाही, त्याला घरी परत जायचं नसतं. त्या बाईंची अचूकता दर दहा मिनिटांनी नव्या माणसाच्या भीतीतून वाट काढत होती आणि तरी त्यांचा हात हलत नव्हता. चाळिसावा फॉर्म संपला तेव्हा मला जरा वाईटच वाटलं. आणखी वीस असते तर बसले असते.

मग माझी पाळी. नव्या एक्स-रेची फिल्म, डाव्या बाजूची, त्यांच्या हातात होती. त्यांनी आरशाच्या दांड्याने दाढेवर हळूच टकटक केलं आणि मी खुर्चीतून दोन इंच वर आले. बर्फात धरलेला बोळा लावला, काही कळलं नाही. कधीपासून दुखतंय, असं त्यांनी विचारलं. मी पर्समधून वही काढून दिली.

त्यांनी ती वाचली. चाळली नाही, वाचली. बाहेर रांग असताना, चष्मा नाकावर घेऊन, पानामागून पान. नवव्या महिन्यातल्या आलेखापाशी थांबल्या.

"नोंद इतकी स्वच्छ आहे की विद्यार्थ्यांना दाखवावी. फक्त अर्थ उलटा लागलाय. थंड लागायचं थांबलं त्या दिवशी दाढ बरी झाली नाही हो. आतली नस मेली."

तीन आठवडे मी बर्फाच्या पाण्याने त्या घटनेचा उत्सव केला होता.

त्यांनी फिल्म दिव्याशी धरून मला दाखवली. मुळं अजून घट्ट आहेत. मेलेली नस काढून, आतल्या नळ्या साफ करून भरायच्या, म्हणजे रूट कॅनॉल. तीन खेपा, मग वर टोपी. किंवा दाढ आजच काढायची, पंधरा मिनिटं. आज दोन्ही शक्य आहे. अजून महिना गेला तर मुळाखालचं हाड धरणार नाही, मग काढण्यावाचून इलाज नाही आणि तेव्हा कोणी विचारणारही नाही. फॉर्मवर खाली 'रुग्णाचा निर्णय' अशी एक ओळ होती. त्यांनी पेन तिथे टेकवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

दारातून नवरा पुढे आला. चौदा महिन्यांत तो बरंच शिकला होता. तो अगदी मृदूपणे म्हणाला की डॉक्टर, तिला जरा विचार करायला वेळ लागतो, आम्ही घरी जाऊन कळवू. माझंच वाक्य होतं ते. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते किती भित्रं आहे हे कळलं. वही, रकाने, अकरा सेकंद, सगळं माहिती जमवण्यासाठी चाललंय असं मी जगाला आणि स्वतःला सांगत आले होते. माहिती पहिल्या आठवड्यातच पुरेशी होती. मी घाबरले होते, इतकंच. कोणीतरी माझ्या तोंडात हात घालून मला न दिसणारी गोष्ट करणार आणि मला त्यावर विश्वास ठेवावा लागणार, याला मी घाबरले होते.

मोठ्या बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. मी त्यांना विचारलंय, एवढंच म्हणाल्या. पेन त्या ओळीवर तसंच होतं. दारात आजोबा मान लांब करून ऐकत होते, कारकून खिडकी सोडून सरळ केलेले फॉर्म न्यायला आला होता, आणि कोणालाच घाई नसल्यासारखं सगळे थांबले होते.

मी खुर्चीत सरळ बसले, आणि व्हरांड्यापर्यंत जाईल अशा आवाजात म्हटलं,

"ठेवायची आहे. आजच सुरू करा."